पूर्ण कापलेला दोर

१

दोर कापलाय हे सगळ्यात आधी कॅम्पवर स्वयंपाक करणाऱ्या सुप्रियानं पाहिलं. तिनं अशी आरोळी ठोकली की मेंढकड्यावरची माकडं उतार धरून पळाली आणि तंबूत झोपलेली मी उशीसकट बाहेर आले.

सामानाच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. उंबऱ्यावर निळा दोर पडला होता, मधोमध कापून दोन तुकडे केलेला. लपवलेला नाही, कोपऱ्यात सारलेला नाही. आत जाणाऱ्याला त्याच्यावर पाय देऊनच जावं लागलं असतं.

मढच्या वरच्या अंगाला, माळशेजच्या रस्त्यावरून आत वळलं की हा मेंढकडा लागतो. २००३ सालच्या डिसेंबरात नाताळच्या सुट्टीला पुण्या-मुंबईची माणसं तिथं कड्यावरून दोरानं उतरायला येत. लहानपणी कड्याच्या काठाला गेलो म्हणून आमच्या पिढीनं मार खाल्ला. आता त्याच काठावरून खाली सोडावं म्हणून लोक आधी बुकिंग करतात. कालाय तस्मै नमः.

कॅम्प सुदर्शनचा. अवसरी बुद्रुकच्या बागायतदाराचा मुलगा, चाकणची नोकरी सोडून या धंद्यात पडलेला. त्याला पाहुण्यांचा विमा उतरवायचा होता. कंपनीनं जोखीम जोखायला मला मंचरहून पाठवलं. खरं तर माझा बहुतेक जन्म मेलेल्या म्हशींच्या कानातले बिल्ले तपासण्यात गेला. पण साहेब म्हणाले, "बाई, म्हैस काय आन् माणूस काय, पडल्यावर सारखंच." साहेब कधी कड्यावर आले नव्हते.

आदल्या दिवशी मी सगळं नीट पाहिलं होतं आणि मनातून खूश होते. उतरायला दोर दोन. लाल दोर वर खडकात ठोकलेल्या बोल्टांना बांधलेला. माणूस त्याच्यावरून उतरतो. दुसरा निळा. त्याचं एक टोक उतरणाऱ्याच्या कमरेच्या पट्ट्याला, आणि दुसरीकडून तो वर बसलेल्या माणसाच्या हातात. पाय सुटला, लाल दोर निसटला, तरी वरचा माणूस निळ्यावर धरून ठेवतो. रोज सकाळी पाहुण्यांच्या आधी कॅम्पचा अमृत स्वतः उतरून दाखवी. एवढी शिस्त मी सहकारी पतपेढीतही पाहिली नाही.

आणि आता निळ्याचे दोन तुकडे.

"दुपारच्याला पुण्याची बस येतीय," सुदर्शन डोकं धरून म्हणाला. "बाई, हा घातपात आहे. कोणी केला तेही मला ठाऊक आहे."

सुप्रिया चुलीपाशी गेली होती. लाकडं फोडायला तिनं सरपणाच्या ढिगातून कोयता काढला आणि तशीच थांबली. "अगंबाई, ह्ये काय?" कोयत्याच्या पात्याला जिथं खाच होती, तिथं निळे धागे अडकले होते.

तो कोयता भैरवनाथचा होता. तिच्या पाठच्या भावाचा.

२

भैरवनाथ म्हणजे कॅम्पचा दोर धरणारा गडी. वर्षभर निळा दोर त्याच्याच हातात होता. काल संध्याकाळी जेवणाच्या पंक्तीत सुदर्शननं जाहीर केलं, की उद्यापासून निळा दोर तंबू सांभाळणारा संपत धरणार आणि भैरवनाथनं कड्याच्या तळाशी उभं राहून पाहुण्यांना उतरवून घ्यायचं, कारण त्याला हिंदी बरी येते. त्यावर भैरवनाथ ताटावरून उठला होता. "येवढ्या दिवसांत एकाला खरचटलं का? मग तुमचा दोर तुमीच सांभाळा!" हे सगळ्यांनी ऐकलं होतं, मीही.

"कोयता त्याचा, राग त्याचा," सुदर्शन म्हणाला. "मी ओतूरला पोलिसांत तक्रार देतो."

सुप्रिया एकदम पुढं आली. "सुदर्शनभाऊ, तसं करू नका वो. त्याचं पोलीस भरतीचं पळणं-बिळणं समदं पास झालंय. आता चौकशी तेवढी ऱ्हायलीय. तक्रारीत नाव आलं तर पोरगं कायमचं घरी बसंल."

"हे त्यानं कोयता उचलायच्या आधी बघायचं होतं."

सुप्रियानं कोयत्याकडे असं पाहिलं, की जणू त्यानं तिलाच कापलं होतं. धागे तिनंच सगळ्यांसमोर दाखवले होते. भावाला अडकवणारा पुरावा बहिणीच्या हातून निघाला.

मी म्हटलं, "सुदर्शन, तक्रार दुपारीही लिहून घेतात. बस येईपर्यंत मला बोलू दे एकेकाशी. आणि मढला जाऊन बसवाल्यांना फोन कर, पुण्यातून नवा दोर घेऊनच निघा म्हणावं."

"तुम्हाला काय करायचंय, बाई?"

"मला जोखीम ठरवायचीय. दोर कापणारा सापडल्याशिवाय मी सही करणार नाही."

सहीचं नाव काढलं की भलाभला माणूस मऊ होतो. सुदर्शन मोटारसायकलला किक मारून गेला.

३

भैरवनाथ धरणाच्या पाण्याकडे तोंड करून बसला होता. मानी पोरगं, माझ्याकडे वळलंसुद्धा नाही.

"कापलास का रे दोर?"

"म्याडम, मी दोर धरणारा हाय. कापायचा असता तर सुदर्शनभाऊच्या तोंडावर कापला असता."

"कोयता तुझा."

"कोयता माझा, पण ऱ्हातो ताईच्या सरपणात. जो येतो तो लाकडं फोडतो. खोलीची चावी बी ताईच्याच खिळ्याला." मग जरा थांबून म्हणाला, "मला राग माझ्या जाण्याचा न्हाई. दाजीचा दोर कुणी धरायचा ह्याचा हाय."

दाजी म्हणजे अमृत. सुप्रियाचा नवरा.

"संपत धरणार होता. त्यात काय? त्याचा थोरला भाऊच की. शिकलाय म्हणे व्यवस्थित."

"शिकलाय," भैरवनाथ म्हणाला आणि पुन्हा पाण्याकडे पाहू लागला.

तिथून मी गेणभाऊकडे गेले. रस्त्याच्या फाट्यावर त्याची भज्यांची टपरी, आणि शेजारी 'दरी दर्शन' लिहिलेली जीप. सुदर्शनचे पाहुणे पळवायला तो टपलेला असतो हे सगळ्या मढला माहीत.

"पावणं या, बसा," गेणभाऊ म्हणाला. "दोर कापला म्हनं? वाईट झालं." पण चेहरा सणासारखा फुललेला.

"तुम्ही तर नाही ना कापला?"

"मी? म्याडम, तसला दोर मी कापीन? नेला असता आख्खा! जीपला बांधायला बारा महिनं दोर लागतोय मला. तुकडं करून टाकणारा कुणी येडा असंल न्हाईतर लई श्रीमंत."

त्याचं म्हणणं मला पटलं. चोर आपल्या धंद्याबद्दल बोलतो तेव्हा सहसा खरंच बोलतो.

"आणखी एक सांगतो," तो आवाज बारीक करून म्हणाला. "संपत आन् अमृतची वाटणी अडकलीय. कड्यालगतचं रान. आधी तिथं शेळी चरायला तयार नव्हती. तंबू लागल्यापासून दोघं भाऊ जेवढ्यास तेवढं बोलत्यात. मला काय, मी आपला भजी तळतो."

४

संपत आपल्या त्या रानातच भेटला. जाड, ठेंगणा, बोलण्यात तोलूनमापून. तंबू त्याच्या देखरेखीखाली होते. पाहुण्यांच्या गाड्या कुठे लावायच्या, पाणी कुणी किती सांडायचं, सगळं तो ठरवी.

"दोर धरायचं मीच मागून घेतलं," तो म्हणाला. "जमीन आमची, कडा आमच्या वाडवडलांचा, आन् मी नुसता गाड्या लावीत बसू? सुदर्शननं शिकवायला माणूस आणला, मी शिकलो. परीक्षा दिली. गाठ मारून दावू का?"

त्यानं मारून दाखवली. गाठ चोख होती.

"मग तुमच्यावर कुणाचा राग असेल?"

"भैरूचा. दुसऱ्या कुणाचा?" आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, "आज पहिल्यांदा मी दोर धरणार व्हतो. अमृत उतरणार व्हता. आईला बी बघायला बोलावलं व्हतं."

त्याच्या बोलण्यात ऐट होती आणि ती मोडल्याचं दुःखही होतं. कापणारा माणूस आपल्या आईला बघायला बोलावत नाही. मी मनातल्या वहीत संपतच्या नावावर काट मारली.

कड्याच्या माथ्यावर संपत-अमृतचा चुलता यमाजी बसला होता. शेंदूर लावलेल्या दगडापाशी, घोंगडी पांघरून. कड्यावर बूट घालून नाचणाऱ्या पाहुण्यांना तो रोज शिव्या देई, म्हणून त्याच्यावरही माझा थोडा संशय होता.

"बाबा, तुम्हाला हा धंदा आवडत नाही ना?"

"न्हाई आवडत. पर म्या कापला असता तर दोनी कापलं असतं. एक कापून काय हुतंय? तांबडा तर तसाच हाय!"

मी खोलीत पाहिलं होतंच. लाल दोर खुंटीवर शांत लटकत होता. पण त्याचा अर्थ म्हाताऱ्यानं सांगेपर्यंत माझ्या डोक्यात शिरला नव्हता.

"आमच्या टायमाला कुठला तांबडा आन् कुठला निळा," यमाजी हसला. "मेंढरू कड्याला अडकलं की एकच दोर, कमरेला. आन् दोर धरायला बायकूचा भाऊ."

"बायकोचाच भाऊ? सख्खा भाऊ का नाही?"

म्हाताऱ्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की या बाईला सरकार पगार कशाचा देतं.

"बाय, दोर सुटला तर भावाची वाटणी वाढती. मेव्हण्याची भईण रांडाव हून घरी येती. मग दोर कोन घट्ट धरंल?"

मी हसायला लागले आणि हसता हसता थांबले.

५

बस यायच्या आधी मी सगळ्यांना कड्याच्या माथ्यावर बोलावलं. सुदर्शन, संपत, भैरवनाथ, सुप्रिया, यमाजी. अमृत सगळ्यांच्या मागं उभा होता, पायात चपला. त्याच्याशी मी सकाळपासून एक शब्द बोलले नव्हते. मुद्दामच.

"माझ्या धंद्यात एक नियम आहे," मी म्हटलं. "ज्याच्या जाण्यानं आपलं नुकसान होत नाही, त्याचा विमा आपल्याला उतरवता येत नाही. शेजाऱ्याच्या म्हशीचा विमा उतरवू दिला, तर गावात एकाही शेजाऱ्याची म्हैस जगायची नाही."

यमाजी खुदकन हसला. बाकी कोणी हसलं नाही.

"आता दोराकडे बघू. ज्याला माणूस मारायचाय तो दोर अर्धा कापतो आणि घडी घालून परत ठेवतो. हा पूर्ण कापलाय आणि उंबऱ्यावर टाकलाय, म्हणजे चुकूनसुद्धा कुणी वापरू नये. कापणाऱ्याला कुणाचा जीव घ्यायचा नव्हता. उलट दोर कुणाच्या कमरेला लागू नये याची त्यानं काळजी घेतली."

"मग कॅम्प बंद पाडायचा असेल," सुदर्शन म्हणाला.

"मग लाल का ठेवला? कॅम्प बंद पाडणारा दोन्ही कापतो, हे बाबांनी मला शिकवलं. चोर असता तर दोर घेऊन गेला असता. इथं फक्त निळा गेला. आणि निळ्यात वेगळं काय, तर तो माणसाच्या हातात असतो. म्हणजे कापणाऱ्याचं भांडण दोराशी नव्हतं. आज तो ज्याच्या हातात जाणार होता, त्या हाताशी होतं."

सगळ्यांनी संपतकडे पाहिलं. संपतनं भैरवनाथकडे. "मी म्हणतच व्हतो!"

"थांबा. भैरवनाथला संपतचा हात नको होता, खरंय. पण तो ते भर पंक्तीत ओरडून बोलला. जो तोंडानं बोलला, त्याला कोयत्यानं बोलायची गरज काय? कोयता चालवला तो अशा माणसानं, ज्याला हे तोंडानं बोलताच येत नव्हतं. सुप्रियाला नवऱ्याची काळजी वाटली असती. पण तिनं कापला असता, तर भावाच्या कोयत्याचे धागे पुसले असते, सगळ्यांना दाखवले नसते."

मी अमृतकडे वळले.

"अमृत, परवा आणि काल मी तुला पाहिलं. उजाडल्यापासून पट्टा कमरेला, बूट पायात, जणू झोपतोसही त्यातच. आज सुप्रियाची आरोळी ऐकून सगळे धावले, तेव्हा तू चपला घालून आलास. आरोळी व्हायच्या आधीच तुला माहीत होतं, आज उतरायचं नाही."

अमृत भावाच्या पायांकडे पाहत होता.

"तू गप्प राहिलास तर भैरवनाथचं नाव ओतूरला जाईल," मी म्हटलं. "तू एकाला जपायला दोर कापलास आणि त्यात दुसरा अडकला."

"दाजी?" भैरवनाथ म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. आश्चर्य होतं.

"मी कापला," अमृत म्हणाला.

६

सुप्रियानं पदर तोंडाला लावला. संपतचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

"म्हंजी मी तुला सोडला असता?" तो म्हणाला. "वाटणीपायी? आमऱ्या, मी तुला खांद्यावर घेऊन ह्या कड्याच्या काठानं फिरवलाय रं!"

"तू सोडला नसता, दादा. मला ठावं हाय." अमृत म्हणाला. "पर उतरताना माझ्या मनात आलं असतं. कड्यावर मनात आलं की पाय घसरतो. आन् मी तोंडानं बोललो असतो, की दादाच्या दोरावर उतरत न्हाई, तर आख्ख्या मढात झालं असतं, अमृतनं भावाला खुनी ठरवला. मला वाटलं, दोरच नसला तर कुणाचंच नाव निघायचं न्हाई. भैरूच्या कोयत्याचं ध्यानातच आलं न्हाई. हाताला लागला तो घेतला."

सुदर्शन भैरवनाथसमोर जाऊन उभा राहिला. अवसरीकरांना माफी मागणं कांदा उपटण्याइतकं सोपं नसतं, पण त्यानं मागितली. सगळ्यांसमोर, हात जोडून. भैरवनाथ म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, भाऊ. फौजदार झालो की तुमचीच मोटारसायकल आडवतो."

हसू फुटलं, पण संपतला नाही. तो काठाकडे पाहत होता. तेवढ्यात खालून बसचा हॉर्न आला.

पुण्याची मंडळी वर आली. त्यांच्याबरोबर नवा कोरा निळा दोरही आला. मंडळींनी संडास कुठे, जेवणात पनीर आहे का, मोबाइलला रेंज येते का, हे सगळं विचारून घेतलं. दोर कोण धरतो, हे एकानंही विचारलं नाही. माणूस भाजीची जुडी उलटीपालटी करून घेतो आणि जीव मात्र न बघता देऊन टाकतो.

संपतनं नव्या दोराची गुंडाळी उचलली आणि अमृतच्या हातात कोंबली.

"तू धर."

"आन् उतरणार कोण?"

"मी."

यमाजीनं घोंगडी बाजूला टाकली. "आरं संपत, तुझं पोट उतरंल का आदी बघ!"

संपत जन्मात कधी या कड्यावरून उतरला नव्हता. गाड्या लावणं आणि कड्यावरून खाली जाणं यात बरंच अंतर असतं. पट्टा त्याच्या कमरेला पुरेना, तेव्हा भैरवनाथनं मोठा पट्टा शोधून आणला आणि बकल दोनदा ओढून पाहिलं. मी बोल्ट पाहिले, गाठी पाहिल्या, हेल्मेटचा पट्टा त्याच्या हनुवटीखाली स्वतः आवळला. भावना कितीही उसळल्या तरी तपासणी सोडायची नसते. मग भैरवनाथ वाटेनं वळसा घालून तळाशी गेला.

काठावर संपतनं दरीकडे पाठ केली. तो अमृतकडे पाहून म्हणाला, "आता माझी बी वाटणी तुझ्याच हातात हाय. बघ काय करतो."

अमृत खडकाला पाय रोवून बसला आणि निळा दोर त्यानं असा धरला, की बोटं पांढरी पडली.

संपत उतरला. खरं सांगायचं तर घसरला, लटकला, खडकाला पोट घासलं, कुलदैवताला आणि सुदर्शनला आळीपाळीनं हाका मारल्या. मध्यावर त्याचा पाय सुटला. बायका किंचाळल्या. निळा दोर ताठ झाला, अमृतच्या मानेच्या शिरा फुगल्या, आणि संपत जागच्या जागी थांबला. एक वीतही खाली गेला नाही. मग त्यानं पुन्हा पाय टेकले आणि उतरू लागला. वरून तो दिसेनासा झाला.

मग खालून संपतची बोंब आली.

"आमऱ्या! आरं सोड की! जिमीन हातभर खाली हाय, मला काय जलमभर टांगून ठेवतो का!"

तळाशी भैरवनाथ हसून गडाबडा लोळत असावा, कारण त्याचाही आवाज येत होता. "दाजी, पोचलं थोरलं! ढील द्या!"

"पाय टेकलं का?" अमृत ओरडला.

"टेकायला तू सोडशील तवा टेकतील ना!"

अमृतनं दोर बोटाबोटानं सोडला. खालून "टेकलं!" ऐकू आलं, तरी मूठ उघडेना. सुप्रियानं त्याच्याजवळ बसून एकेक बोट सोडवलं.

पुण्याच्या मंडळीत आरोही नावाची कॉलेजातली मुलगी होती. ती सुदर्शनला म्हणाली, "काका, मी उतरीन. पण माझा दोर त्यांनीच धरायचा." आणि तिनं अमृतकडे बोट दाखवलं. सकाळपासून मी त्या कॅम्पची जी जोखीम मांडत होते, ती तिनं एका वाक्यात मांडली.

यमाजी मिशी पिळत उभा राहिला. पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "माझं पुतणं हायती दोगं. एक उतारलेला आन् एक दोर धरणारा." त्या दिवशी बुटांबद्दल त्यानं कुणालाही शिवी दिली नाही.

तेवढ्यात खालून भैरवनाथची हाक आली. "दाजी, थोरलं म्हणत्यात, उद्यापासून तुमचा दोर ते धरणार! चालतंय का इचारत्यात!"

माथ्यावरची सगळी माणसं अमृतकडे पाहत होती.

अमृत काठापाशी गेला, दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि अख्ख्या दरीला ऐकू जाईल असा ओरडला,

"उद्या कशाला? दादाला म्हणावं, आत्ताच वर ये!"